फराळाचा व्यवसाय आणि गिऱ्हाइकाचा नंबर

गणपतींचं विसर्जन झालं की आमच्या सोसायटीत भाजणीचा वास यायला लागतो. तिसऱ्या मजल्यावर चकलीची भाजणी भाजली जाते, तळमजल्यावर अनारशाचं पीठ मुरत असतं आणि त्याच सुमारास माझ्या फोनवर फराळाच्या जाहिराती सुरू होतात. गेल्या वर्षी एका दिवसात अकरा आल्या. त्यातल्या चार जणींना मी माझा नंबर कधी दिलेलाच नव्हता. त्यांचा माल उत्तमही असेल, पण त्या चौघींपैकी एकीकडूनही मी काही मागवलं नाही.

ओळखीच्या बायकांना घरगुती व्यवसायासाठी व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम लावून द्यायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. बटणं कुठली दाबायची हे त्या अर्ध्या तासात शिकतात. अडतं ते पुढे. कोणाला निरोप पाठवायचा, किती वाजता, तक्रार आली तर काय लिहायचं, हे कोणी सांगत नाही. ते इथे क्रमानं सांगते. उदाहरण दिवाळीच्या फराळाचं घेतलं आहे, कारण ते मला जवळून माहीत आहे. आपण साड्या विकत असाल किंवा शिकवण्या घेत असाल, तरी पायऱ्या याच राहतात.

समजा, यंदा आपण घरून फराळ विकायचं ठरवलं आहे. सुरुवात नंबरापासून करू. व्यवसायासाठी दुसरं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करा. छोट्या व्यावसायिकांसाठीचं हे वेगळं ॲप २०१८ मध्ये आलं. ते फुकट आहे आणि आपल्या नेहमीच्या व्हॉट्सॲपसोबत त्याच फोनवर चालतं, फक्त दोन्हींना नंबर वेगवेगळे लागतात.

वेगळा नंबर कशाला, असं बऱ्याच जणी विचारतात. कारण स्टेटस. स्टेटस म्हणजे चोवीस तास दिसून आपोआप पुसलं जाणारं चित्र किंवा मजकूर. घरचा आणि धंद्याचा नंबर एकच असला की भाच्याच्या साखरपुड्याचे फोटो, रात्री उशिरा आवडलेला एखादा राजकीय व्हिडिओ, नणंदेला उद्देशून टाकलेलं वाक्य, हे सगळं गिऱ्हाइकांपर्यंत जातं. माझ्या ओळखीच्या एकीची दोन जुनी गिऱ्हाइकं अशा एका व्हिडिओमुळे तुटली. चकली तीच होती, पण ती मागवणं त्यांना नकोसं झालं. आणखी एक अडचण घरातल्या मुलांची. आईचा फोन हाती आला की मुलगा गिऱ्हाइकाला नुसता अंगठा पाठवून मोकळा होतो, आणि ती ऑर्डर पक्की झाली की नाही ते कोणालाच कळत नाही.

ॲपमध्ये व्यवसायाची माहिती भरायची जागा असते. ती पूर्ण भरा. नाव, परिसर, फोनवर कधी भेटाल ती वेळ, काय मिळतं. खाद्यपदार्थ विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, निदान नोंदणी तरी लागते. त्यांच्याकडून मिळणारा चौदा आकडी क्रमांकही तिथेच लिहा. अनोळखी माणसाला पहिल्या भेटीत आपलं नाव-गाव सांगावं, तसंच हे आहे. नावाच्या जागी नुसतं फूल आणि फोटोच्या जागी देवाचं चित्र असलेल्या नंबरला आगाऊ पैसे पाठवायला कोणाचं मन होत नाही.

आता गिऱ्हाइकांचे नंबर. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबू.

कोणी आपल्याला नंबर देतं तेव्हा तो एखाद्या कामासाठी देतं. सोसायटीच्या ग्रुपमध्ये माझा नंबर पाण्याचा टँकर कधी येणार हे कळावं म्हणून आहे. शाळेच्या पालकांच्या ग्रुपमध्ये तो गृहपाठासाठी आहे. मागच्या दिवाळीत मी आपल्याकडून करंज्या घेतल्या, तेव्हा तो डबा कधी न्यायला यायचं हे कळवण्यासाठी दिला होता. यातला कुठलाही नंबर उचलून जाहिरातीच्या यादीत टाकला, की ज्या कामासाठी तो दिला होता ते काम मोडलं. लग्नाच्या आमंत्रणांची यादी, भिशीची वही, हळदीकुंकवाच्या ग्रुपमधले नंबर, सगळ्यांना हेच लागू.

मग नंबर मिळवायचे कसे? विचारून. डबा देताना एवढंच म्हणायचं: ‘पुढच्या वेळी फराळ सुरू झाला की कळवू का? वर्षातून चार-पाचच निरोप असतात.’ बहुतेक जणी हो म्हणतात. एखादी ‘बघते’ म्हणाली, तर ते नाही समजा. आपल्याकडे तोंडावर नकार द्यायची पद्धत नाही, म्हणून ‘बघते’ ऐकायला शिकावं लागतं.

यासाठी एक साधी दोनशे पानी वही करा. नाव, नंबर, कशासाठी दिला आणि निरोप पाठवायला हो म्हटलंय का, असे चार रकाने. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये लेबल म्हणून सोय आहे, म्हणजे प्रत्येक नावाला रंगीत चिठ्ठी चिकटवता येते. ‘निरोप चालेल’ अशी एक चिठ्ठी करा. तरी वही हवीच, कारण फोन पडतो, फुटतो, बदलतो.

जाहिरातींचे फोन आणि एसएमएस नको असतील तर आपण १९०९ या क्रमांकावर तशी नोंद करतो. पण ती सोय मोबाइल कंपन्यांच्या फोन-एसएमएसपुरती आहे. व्हॉट्सॲपचे निरोप इंटरनेटवरून येतात, ते तिनं थांबत नाहीत. तिथे गिऱ्हाइकाच्या हातात मुख्यतः ब्लॉक आणि रिपोर्ट ही बटणं उरतात. ब्लॉक केलं की आपला निरोप तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि आपल्याला ते कोणी कळवतही नाही. रिपोर्ट म्हणजे कंपनीकडे तक्रार. अशा तक्रारी साठल्या तर आपला नंबरच व्हॉट्सॲपवरून बंद होऊ शकतो. तो दिवाळीच्या आठ दिवस आधी बंद झाला तर काय होईल, याची कल्पना करून पाहा.

कायदाही याच दिशेनं आला आहे. डिजिटल स्वरूपातल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झाला. माहिती कशासाठी हवी ते सांगून संमती घ्यायची, ती त्याच कामापुरती वापरायची आणि दिलेली संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं असायचं, हा त्याचा गाभा. चांगल्या दुकानदारानं हे कायद्याआधीच पाळलेलं असतं. गिऱ्हाईक ‘आता पाठवू नका’ म्हणालं, की त्याच मिनिटाला नाव काढायचं आणि ‘काढलं, धन्यवाद’ एवढंच कळवायचं. ‘का हो, काही चुकलं का?’ असं विचारून तिला अवघडून टाकू नका.

नंबर जमले, आता निरोप पाठवायचा कुठून? दोनशे जणींना एका ग्रुपमध्ये घातलं की झालं, असं बहुतेकींना वाटतं. तसं करू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर प्रत्येकाला दिसतो. आपल्या गिऱ्हाइकांत एकट्या राहणाऱ्या मुली असतील, वयस्कर बायका असतील. त्यांचे नंबर दोनशे अनोळखी माणसांसमोर ठेवायचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. शिवाय एकीनं ‘चिवडा कितीला?’ विचारलं की दोनशे फोन वाजतात, आणि दुसरीनं उत्तरादाखल हात जोडले की पुन्हा दोनशे.

त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. ही म्हणजे आपल्यापुरती यादी. निरोप एकदाच लिहायचा, तो प्रत्येकीला वेगळा, एकटीला पाठवल्यासारखा जातो आणि तिचं उत्तर फक्त आपल्यालाच येतं. एका यादीत २५६ नावं बसतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: ज्यांनी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये साठवून ठेवला आहे, त्यांनाच हा निरोप पोचतो. ‘मी पाठवलं पण कोणालाच मिळालं नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. मला ही अट फार आवडते. जिनं आपलं नाव फोनमध्ये लिहून घेतलं, तिनं आपल्याला आत यायला सांगितलं आहे.

गिऱ्हाईक वाढलं तर व्हॉट्सॲप चॅनेल काढता येतं. ही सोय आपल्याकडे २०२३ मध्ये आली. ज्यांना हवं ते स्वतःहून येऊन जोडले जातात आणि एकमेकांचे नंबर कोणालाही दिसत नाहीत.

वेळेबद्दल थोडंच सांगते. सकाळी दहाच्या आधी नाही, रात्री आठनंतर नाही, दुपारी दोन ते चार टाळलेलं बरं. हा माझा नेम आहे, कोणाचा नियम नाही. हंगामात चार निरोप पुरतात: यादी आणि भाव, ऑर्डर घेण्याची शेवटची तारीख, डबे तयार झाल्याचा निरोप आणि दिवाळीनंतर आभार. ‘आज कडबोळी तळली’, ‘आज शेव पाडली’ हे रोज सांगायचं असेल तर ते स्टेटसवर टाका. ज्याला बघायचं तो उघडून बघतो.

परदेशी गिऱ्हाइकांचं वेगळं पाहावं लागतं. फराळ न्यू जर्सीला, लंडनला, दुबईला कुरियरनं जातो आणि त्याच्या ऑर्डरी सप्टेंबर-ऑक्टोबरातच येतात. त्या दिवसांत आपल्याकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. तिकडे राहणाऱ्या मुलाचा फोन रात्री वाजला की तो आधी घाबरून आईवडिलांचा विचार करतो, आणि उघडून पाहतो तर शंकरपाळ्यांचा भाव. अशा गिऱ्हाइकांची यादी वेगळी करा आणि त्यांना आपल्या संध्याकाळी साडेसहाच्या पुढे लिहा. तेव्हा न्यू जर्सीत सकाळ झालेली असते.

रात्री आलेल्या प्रश्नाला रात्रीच उत्तर द्यायची गरज नाही. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ‘अवे मेसेज’ लावता येतो, म्हणजे आपण नसताना आपोआप जाणारं उत्तर. ‘आपला निरोप मिळाला. उद्या सकाळी अकरापर्यंत उत्तर देते,’ एवढं पुरे. पण मग अकरापर्यंत उत्तर गेलंच पाहिजे. आपोआप गेलेला निरोप हासुद्धा आपला शब्दच असतो.

भाषेचं एक छोटं पथ्य. ‘हाय डिअर’ म्हणू नका. आपण दुकानात बसलो असतो तर समोरच्या अनोळखी बाईला तसं म्हटलं नसतं. ‘नमस्कार’ हा शब्द सगळ्या वयांना चालतो. वय माहीत नसेल तर काकू, मावशी म्हणायची घाई नको; चाळिशीतल्या बाईला पंचविशीच्या मुलीनं काकू म्हटलेलं मनातून टोचतं. आणि विचारणारीनं मराठीत विचारलं असेल तर उत्तर मराठीतच द्या.

आता पोस्ट. पोस्ट म्हणजे इन्स्टाग्रामवर किंवा फेसबुकवर आपण मांडलेला माल. सुंदर फोटो, खाली कौतुकाचे चार शब्द आणि किमतीच्या जागी ‘इनबॉक्समध्ये या’. मला या सवयीचा मनापासून राग येतो. इनबॉक्स म्हणजे खाजगी निरोपांची पेटी. तिथे जायला लावलं की गिऱ्हाइकाला आधी स्वतःची ओळख द्यावी लागते, मग भाव कळतो, आणि भाव परवडला नाही तर तोंडावर नाही म्हणायची वेळ येते. मंडईतली भाजीवालीसुद्धा भाव मोठ्यानं सांगते. अर्धा किलोचा भाव, किलोचा भाव, घरपोच पाठवायचा खर्च, सगळं पोस्टमध्येच लिहा. एकीला एक भाव आणि दुसरीला दुसरा, ही शंकाही मग उरत नाही.

फोटो आपल्याच फराळाचा असू द्या. नेटवरून उचललेल्या चकलीच्या चित्रात दोन घोटाळे असतात. एक म्हणजे ते छायाचित्र कोणाच्या तरी मालकीचं असतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्र ही कलाकृती धरली आहे. दुसरा अधिक जवळचा. गिऱ्हाईक त्या काटेदार, एकसारख्या चकलीवर भाळून ऑर्डर देतं आणि डब्यात आपली घरगुती, थोडी वेडीवाकडी चकली निघते. तीच चकली आधी फोटोत दिसली असती तर तिच्यावर कोणी नाक मुरडलं नसतं. खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, स्टीलच्या ताटात ठेवून काढलेला फोटो पुरेसा असतो.

रीलला, म्हणजे छोट्या व्हिडिओला, गाणं लावताना इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यावर सगळी गाणी दिसत नाहीत, म्हणून काही जणी खटपट करून सिनेमातलं गाणं घुसवतात. ती गाणी मुद्दाम ठेवलेली नसतात. धंद्यासाठी वापरायला त्यांची परवानगी वेगळी घ्यावी लागते. व्यावसायिक खात्याला मोकळं ठेवलेलं संगीत वापरा, किंवा कढईतल्या तेलाचा आवाज तसाच राहू द्या. तो कुठल्याही गाण्याहून चांगला लागतो.

जे लिहाल ते खरं असू द्या. ‘साजूक तुपातले’ लिहिलं तर घाण्यात वनस्पती तूप एक चमचाही नको. ‘मधुमेहींना चालतात’, ‘सांधेदुखी बरी करणारे डिंकाचे लाडू’ असले दावे तर मुळीच नकोत. खाण्याच्या पदार्थानं आजार बरा होतो असं सांगायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या जाहिरातींविषयीच्या २०१८च्या नियमांत बंदी आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या शब्दावर विसंबून एखादे आजोबा गूळ घातलेले चार लाडू खातील, हे डोळ्यांसमोर आणा.

सणांच्या शुभेच्छा पाठवा, पण गणपतीच्या चित्रात आपल्या दुकानाचं नाव गणपतीहून मोठं नको. आणि शोकाच्या दिवशी दुकानाचं नाव नकोच. ६ फेब्रुवारी २०२२ ला लता मंगेशकर गेल्या. त्या दिवशी मला आलेल्या श्रद्धांजलीच्या एका चित्रावर खाली दुकानाचा पत्ता आणि दोन फोन नंबर होते. पाठवणाऱ्याला दुःख झालं नसेल असं मी म्हणणार नाही, पण ते दुःख माझ्यापर्यंत पोचलं नाही, पत्ता पोचला. वाईट वाटत असेल तर आपल्या खाजगी नंबरवरून, आपल्या नावानं लिहा. किंवा दुकान त्या दिवशी गप्प ठेवा.

मोठी माणसंही इथे घसरली आहेत. फेब्रुवारी २०११ मध्ये इजिप्तची राजधानी कैरो इथे लोक रस्त्यावर उतरले होते. तेव्हा केनेथ कोल या अमेरिकी फॅशन उद्योजकानं ट्विटरवर तो गोंधळ आपल्या नव्या कपड्यांच्या बातमीमुळे असावा, अशा अर्थाचा विनोद केला. लोक इतके संतापले की त्याच दिवशी ते ट्वीट काढून त्याला माफी मागावी लागली.

चूक मुद्दाम होते असंही नाही. आठवडाभराच्या पोस्ट आधीच लिहून, त्या आपोआप पडतील अशी वेळ लावून ठेवायची सोय असते. अपघात, पूर, स्फोट अशी बातमी येते आणि आपली ‘चला, साजरं करूया!’ ठरल्या वेळी पडते. म्हणून रोज सकाळी बातम्या पाहिल्या की लावून ठेवलेल्या पोस्टवरही एक नजर टाका.

आता कौतुकाबद्दल. इन्स्टाग्रामवर बरेच अनुयायी असलेल्या एखाद्या मुलीला फराळाचा डबा पाठवून तिच्याकडून व्हिडिओ करून घेणं आता सर्रास चालतं. त्यात वावगं काही नाही, पण तो डबा भेट मिळाला आहे हे तिनं व्हिडिओत ठळक सांगायला हवं. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या ॲस्की या संस्थेनं २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली. पैसे दिले नाहीत, फक्त वस्तू दिली, तरी ती जाहिरातच. डबा पाठवताना आपणच चिठ्ठीत लिहा: ‘भेट म्हणून पाठवला आहे असं जरूर सांगा, आणि जे आवडलं नाही तेही सांगा.’

मावसबहिणीला, जावेला, शेजारणीच्या मुलाला अभिप्रायात पाच चांदण्या द्यायला सांगू नका. ग्राहकांचे अभिप्राय कसे गोळा करावेत आणि कसे छापावेत, यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ असं मानकच आहे. गूगलच्या नियमांतही सवलत देऊन अभिप्राय मिळवायला मनाई आहे. आणि वाचणाऱ्याला कळतं. एकाच दिवशी, एकाच आडनावाचे सहा अभिप्राय, सगळ्यांत ‘अप्रतिम’.

खरं कौतुक आलं तर ते लोकांना दाखवावंसं वाटणारच. कोणी खाजगीत लिहिलं, ‘आईच्या हातची आठवण आली’, की आपण लगेच स्क्रीनशॉट काढून स्टेटसवर टाकतो. आधी विचारा. तिची आई नुकतीच गेलेली असू शकते, आणि ते वाक्य तिनं दोनशे जणांसाठी लिहिलेलं नसतं. हो म्हणाली तरी नाव, नंबर आणि फोटो झाकूनच टाका. लहान मुलांचे फोटो आईवडिलांनी स्वतः पाठवले असले तरी पुन्हा विचारल्याशिवाय लावू नका.

आता खरी कसोटी, तक्रारीची. समजा, आपल्या पोस्टखाली सगळ्यांदेखत एक बाई लिहिते: ‘चकल्यांना खवट वास होता. पाचशे रुपये पाण्यात गेले.’

वाचताच छातीत धस्स होतं. चार दिवस कमरेचा काटा ढिला करून तळलेल्या चकल्या असतात. पहिलं उत्तर जे सुचतं ते असं: ‘आमच्या दोनशे गिऱ्हाइकांपैकी कोणाची तक्रार नाही. आपण डबा उघडा ठेवला असेल.’ हे उत्तर पाठवू नका. लिहिलंच तर वहीत लिहा. फोन पालथा ठेवा, पाणी प्या, कढईखालचा गॅस बंद करा. जिच्या हातच्या चकल्या आहेत तिनं शक्यतो उत्तरच देऊ नये. घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी लिहायला सांगावं.

मग एक लहान, सगळ्यांना दिसेल असं उत्तर, त्याच दिवशी: ‘नमस्कार. आपल्याला खराब माल मिळाला याचं वाईट वाटतं. कोणत्या घाण्यातला होता ते पाहतो. आपल्याला फोन केला तर चालेल का?’ खाली नाव. यात बाजू मांडलेली नाही, पुरावा मागितलेला नाही आणि तिला खोटंही ठरवलेलं नाही. हे उत्तर तिच्यासाठी आहेच, पण तिच्यामागे गुपचूप वाचत बसलेल्या माणसांसाठीही आहे. ती माणसं चकलीपेक्षा आपलं वागणं जोखत असतात.

बाकीचं बोलणं फोनवर. तिची माहिती उघड्यावर काढू नका. ‘आपण बारा तारखेला दोन किलो नेलं होतं, पैसेही उशिरा दिले होते’ असं सगळ्यांदेखत लिहिणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणणं. एवढं एक वाक्य वाचून दुसऱ्या दहा जणी मनात ठरवतात की इथे कधी तक्रार करायची नाही, आणि मग यायचंही नाही.

फोनवर आधी ऐका. नंतर खरंच तपासा. चकली गरम असतानाच पिशवीत भरली तर वाफ धरून मऊ पडते. खवट वास बहुधा वारंवार तापवलेल्या तेलाचा असतो, किंवा चिवड्यात जुनं खोबरं, जुने दाणे गेलेले असतात. त्या घाण्यातल्या आणखी कोणाकोणाकडे डबे गेले ते वहीत सापडेल. त्यांना आपणच फोन करा, त्यांनी विचारायच्या आत. हा फोन करायला धीर लागतो, मला ठाऊक आहे. पण तो केलेल्या बाईकडे गिऱ्हाईक वर्षानुवर्षं टिकलेलं मी पाहिलं आहे.

पैसे परत करायचे किंवा नवा डबा द्यायचा, हे गिऱ्हाइकाला निवडू द्या. पैसे यूपीआयनं परत करताना तिचा यूपीआय आयडी विचारा आणि आपणच पाठवा. ‘क्यूआर कोड पाठवते, तो स्कॅन करा’ असं म्हणू नका. पैसे घ्यायला काही स्कॅन करावं लागत नाही, पिनही घालावा लागत नाही. भामटे नेमकं तेच सांगतात, आणि आपला निरोप पाहून ती घाबरून जाईल.

शेवटी पुन्हा त्या पोस्टखाली या आणि एक ओळ लिहा: ‘तेलाचा दोष होता. नवा डबा पोचवला आहे.’ ही ओळ बहुतेक जण विसरतात. मग तक्रार तिथे कायमची लोंबकळत राहते आणि आपण काय केलं ते कोणालाच दिसत नाही.

तक्रार पुसून टाकायचा मोह आवरा. मार्च २०१० मध्ये पामतेलाच्या प्रश्नावरून ग्रीनपीस या संस्थेनं नेस्ले कंपनीविरुद्ध मोहीम उघडली होती. लोक कंपनीच्या फेसबुक पानावर येऊन, तिच्या चिन्हात फेरफार केलेली चित्रं लावून बोलत होते. पान सांभाळणाऱ्यानं ‘अशी चित्रं लावाल तर मजकूर काढून टाकू’ असं बजावलं आणि वर टोमणेही मारले. त्यानंतर मूळ प्रश्न बाजूला राहिला आणि लोक त्या उत्तरांवरच तुटून पडले. कंपनीला माफी मागावी लागली. आपलं पान लहान आहे, पण पुसलेल्या तक्रारीचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर फिरायला दोन मिनिटं लागतात.

यालाही अपवाद आहेत. शिवीगाळ, जातीवरून किंवा धर्मावरून लिहिलेलं, दुसऱ्या गिऱ्हाइकाचा नंबर उघड करणारं, हे जरूर काढा. आणि कधीच आपलं गिऱ्हाईक नसलेल्या माणसानं खोटा अभिप्राय टाकला, तर शांतपणे एकदाच लिहा: ‘आपली ऑर्डर आमच्या नोंदीत सापडली नाही. कृपया फोन करा.’ मग गूगलकडे किंवा त्या-त्या माध्यमाकडे तक्रार नोंदवा. वाद घालत बसू नका.

उत्तर किती वेळात द्यावं? ई-कॉमर्स कंपन्यांना २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि निवारण एका महिन्यात करावं लागतं. चार डबे विकणाऱ्या घराला महिना कशाला हवा? पोच त्याच दिवशी आणि निकाल तीन दिवसांत, एवढं जमवता येतं.

दुसरीच्या दारात जाऊन आपला माल विकू नका. शेजारच्या पेठेतल्या बाईनं चिरोट्यांची पोस्ट टाकली असेल, तर तिच्याखाली ‘आमच्याकडे चाळीस रुपयांनी स्वस्त’ असं लिहिणारीला लोक चांगलंच लक्षात ठेवतात. तिचे चिरोटे छान दिसत असतील तर तसं मोकळेपणानं लिहा. आपल्या ऑर्डरी भरल्या की ‘यंदा संपलं, यांच्याकडे विचारा’ म्हणून तिचा नंबर द्या, अर्थात तिला विचारून.

ऑर्डरी भरल्या हेही वेळेत सांगायचं असतं. वसुबारसेच्या आदल्या रात्रीपर्यंत ‘बघूया’ म्हणत ताटकळत ठेवलं, तर त्या घरात दिवाळीला फराळच नसतो.

तुळशीचं लग्न लागलं की एका दुपारी वही घेऊन बसा. ज्यांनी ‘नको’ कळवलं त्यांची नावं यादीतून गेली का, ते तपासा. ज्यांनी दोन वर्षांत एकदाही उत्तर दिलं नाही, त्यांना एकदाच विचारा: ‘पुढच्या वर्षी कळवू का?’ उत्तर आलं नाही तर त्या नावापुढे बारीक रेघ मारा. ज्या घाण्याची तक्रार आली होती, त्याची तारीख आणि कारण शेवटच्या पानावर लिहून ठेवा. मग वही भाजणीच्या डब्याशेजारी फडताळात ठेवून द्या. गणपती गेले की ती पुन्हा लागेल.